ब्लॉक तीनचे काळवीट

होणाऱ्या सासऱ्याला पहिल्यांदा भेटायचं तर माणूस काय करतो? इस्त्रीचा शर्ट घालतो, मिठाईचा डबा घेतो, चार गोड वाक्यं पाठ करतो. यशनं हे सगळं केलं. शिवाय मोबाइलमध्ये बोलायचे अकरा विषय लिहून ठेवले. तंजावरचा इतिहास, कर्नाटक संगीत, क्रिकेट, गुडघेदुखी, चेन्नईतलं पाणी, असे सगळे सुरक्षित विषय. आणि एवढी जय्यत तयारी करून पठ्ठ्या पोचला कुठे, तर पहाटे चार वाजता सुष्मिताच्या घरासमोर, पायात गुडघ्यापर्यंतचे मोजे आणि डोक्यावर मातकट टोपी घालून. कारण सासरेबुवांनी भेटीसाठी घर निवडलंच नव्हतं. निवडलं होतं माळरान.

सुष्मिता मूळची चेन्नईचीच, म्हणजे तिच्या आठ-दहा पिढ्या तमिळ मुलखात गेलेल्या. घरात तंजावरी मराठी, बाहेर तमिळ, शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात इंग्रजी. यश सांगलीचा. तीन वर्षांपूर्वी श्रीपेरुंबुदूरच्या एका मोटारींच्या कारखान्यात प्लॅनिंग खात्यात लागला. दोघांची ओळख कशी झाली, प्रेम कसं जमलं, हे सांगत बसलो तर काळवीट राहतील बाजूला. एवढं सांगतो की दोन वर्षं झाली होती, सुष्मिताच्या आईनं मनातून होकार दिला होता, आणि आता घोडं अडलं होतं ते तिच्या वडिलांपाशी.

बालाजीराव शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. मितभाषी, काटक, आणि हट्टी म्हणजे किती हट्टी! मुलीनं यशचं नाव काढलं तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही, पत्रिका मागितली नाही. म्हणाले, "काळविटांच्या मोजणीस येऊं दे. एक सकाळ माझ्यासंगें चालूं दे. मग हो कीं नाहीं तें सांगतों."

"आणि नाही म्हणाले तर?" यशनं सुष्मिताला विचारलं होतं.

"तर मग मी भांडेन. पण यश, अप्पांनी मनापासून हो म्हटलं नाही ना, तर मला ते लग्न लग्न वाटणार नाही. सॉरी. मी तशीच आहे."

झालं. म्हणजे सगळं त्या एका सकाळीवर आलं.

मोजणी होते त्या पुलवेळीचं सरकारी नाव लांबलचक आहे, ते कुणी घेत नाही. तमिळमध्ये पुलवेळी म्हणजे गवताळ माळ, आणि ते तसंच आहे. चेन्नईहून दोन-अडीच तासांवर, समुद्राच्या वाऱ्यावर डुलणारं गुडघाभर पिवळं गवत, मधूनमधून पाण्याची डबकी, वर भलंमोठं आकाश. दर वर्षी जानेवारीच्या शेवटी तिथे काळविटांची मोजणी होते. माळाचे ब्लॉक पाडतात आणि शहरातून पंचवीस-तीस हौशी माणसं येतात. बालाजीराव वीस वर्षं न चुकता येत होते, आणि वीस वर्षं त्यांचा ब्लॉक एकच, तीन नंबरचा.

गाडीत ते एकदाच बोलले. "माझा ब्लॉक कधीं घटला नाहीं, ठावें आहे कां तुम्हांस? एकाचा घटला, दुसऱ्याचा घटला. माझा नाहीं."

"वा, काका!" यश मागून म्हणाला, आणि विषय क्रमांक एक काढणार तोच बालाजीरावांनी डोळे मिटून घेतले.

अभयारण्याच्या फाटकाशी कडुनिंबाखाली टेबल मांडून कनका बसली होती. ही तिथली वनरक्षक, चाळिशीची, खाकी कपड्यांत, आवाज असा की माळाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा. तिनं सगळ्यांना पोंगल आणि कॉफी दिली आणि नियम सांगितले. सुष्मिता यशच्या कानात मराठीत सांगत होती. एका ब्लॉकमध्ये दोघं. एका घरातले दोघं एकत्र नाहीत. सगळ्यांनी सातच्या ठोक्याला चालायला लागायचं, दहाला थांबायचं. दोघांनी आपापल्या कागदावर मोजायचं, एकमेकांना दाखवायचं नाही. शेवटी दोघांची सरासरी. "आणि सगळ्यांत महत्त्वाचं," सुष्मिता हसू दाबत म्हणाली, "तीन तास एक शब्दही बोलायचा नाही."

"काय?"

"हरणं पळतात."

गेले अकराच्या अकरा विषय पाण्यात! आणि जोड्या लागल्या तेव्हा सुष्मिता गेली ब्लॉक चारला, आणि ब्लॉक तीनला कोण? बालाजीराव आणि यश.

सातला दोघं निघाले. बालाजीराव पुढे, यश मागे. खरं सांगायचं तर पहिली दहा मिनिटं यशला घाम फुटला होता. पण मग माळानं त्याला आपल्यात घेतलंच. एक चंडोल गवतातून सुटला आणि गात गात सरळ वर चढत गेला, दिसेनासा झाला तरी गाणं खाली येतच राहिलं. एक भोवत्या, शिकारी पक्षी तो, पंख पसरून गवताला घासल्यासारखा तरंगत गेला. डबक्याकाठी टिटवीनं दोघांना बघून अशी काही बोंब ठोकली की यश दचकून मागे सरला, आणि बालाजीरावांच्या मिशा किंचित हलल्या. हसले वाटतं!

आणि मग काळवीट. अहो, फोटोत बघणं वेगळं आणि समोर बघणं वेगळं! काळाकुळकुळीत नर, पोटाखाली पांढराशुभ्र, पिळदार शिंगं मागे टाकून मान ताठ करून उभा. बाजूला बदामी रंगाच्या माद्या. वारा फिरला तशी एक मादी उसळली, मग दुसरी, मग सगळा कळप जमिनीला पाय लावायचाच नाही असं ठरवल्यासारखा उड्या घेत निघाला. यशचं तोंड उघडंच राहिलं. सातवीनंतर इतका आनंद त्याला कशानं झाल्याचं आठवत नव्हतं. मोजायचं विसरला, मग घाईघाईनं मोजलं.

पावणेदहा वाजता त्यानं बेरीज केली. नर आठ, माद्या सतरा, पाडसं चार. एकूण एकोणतीस.

आणि मग त्याची नजर कागदाच्या कोपऱ्यात गेली. तिथे छापलं होतं: मागील वर्ष, ४७.

आता यशच्या नोकरीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं डोक्यात शिरणार नाही. कारखान्यात रोज सकाळी एक फळा असतो. त्यावर टार्गेट. संध्याकाळी त्याच्या शेजारी झालेला आकडा लिहायचा. कमी पडला की मीटिंग, का कमी पडला, मग त्याचं का, मग त्या काचं का. यशचं काम हा आकडा कमी पडू न देण्याचं. आणि आता लपवायचं कशाला, त्यात त्याचा हातखंडा होता. लाइनवर दोन-चार गाड्या अर्धवट असल्या, की त्या तो आजच्याच खात्यात धरायचा. उद्या सकाळी त्या होणारच असतात! कुणाचं काय बिघडतं?

त्यामुळे सत्तेचाळीस हा आकडा दिसला आणि यशच्या डोक्यात घंटा वाजली. टार्गेट सत्तेचाळीस, झाले एकोणतीस. तेही सासरेबुवांच्या ब्लॉकमध्ये, जो वीस वर्षांत कधी घटला नाही. म्हणजे दोनच अर्थ निघणार. एक तर पोराला दिसत नाही, नाहीतर पोराचा पायगुण वाईट. दोन्हीकडून लग्नाचा निकाल लागला!

यश कामाला लागला. सतरा माद्यांपैकी सहा तरी पोटुशा दिसत होत्या. त्यांची पिल्लं आज ना उद्या होणारच. धरून टाकली. झाले पस्तीस. डाव्या हाताला वेड्या बाभळीचं रान माजलं होतं, इतकं दाट की पलीकडचं काही दिसत नव्हतं. त्यात एक कान हलल्यासारखा वाटला होता. एक कान म्हणजे एक काळवीट, आणि काळवीट काय एकटा राहतो? निदान सात. झाले बेचाळीस. चार जण ब्लॉक चारच्या हद्दीत उड्या मारताना दिसले होते, पण रात्री झोपले असणार ते आपल्याकडेच. झाले सेहेचाळीस. एक कुठूनही आणता आला असता. पण बरोब्बर सत्तेचाळीस लिहिले तर संशय येतो, हे त्याला अनुभवानं माहीत होतं. म्हणून सेहेचाळीसवर थांबला आणि सही केली.

दहाला दुरून कनकाची शिट्टी वाजली. बोलायची परवानगी मिळाली आणि यशला एकही विषय आठवेना. तो मुकाट चालत राहिला. बालाजीरावही. अर्ध्या वाटेवर ते थांबले, बाटलीतलं पाणी त्याच्यापुढे केलं आणि म्हणाले, "तूं बडबड्या नाहींस. बरें वाटलें. सायंकाळीं जेवायास ये. सुष्मिताच्या आईस सांगतों, कांहीं गोड कर म्हणून."

अरे देवा! यशच्या जिवात जीव आला. तुम्हीवरून तूं झालं, वर गोडाचं जेवण! याचा अर्थ कळायला काय प्लॅनिंगची डिग्री लागते? फाटक येईपर्यंत त्याचे पाय जमिनीवर नव्हते. कडुनिंबाखाली सुष्मिता उभी होती. तिनं भुवया उंचावल्या. यशनं बालाजीरावांच्या पाठीमागून दोन्ही अंगठे वर करून दाखवले. ती इतकी गोड हसली की त्याला वाटलं, आता आयुष्यात आणखी काय पाहिजे?

कनका एकेक कागद घेऊन मोठ्यांदा वाचत होती. ब्लॉक एक, घट. ब्लॉक दोन, घट. "ब्लॉक तीन. यश, सेहेचाळीस. बालाजीराव सर, अठ्ठेचाळीस. सरासरी सत्तेचाळीस!" तिनं कौतुकानं मान हलवली. "सरांचा ब्लॉक म्हणजे सरांचा ब्लॉक."

यश थक्क झाला. अठ्ठेचाळीस! म्हणजे बाभळीमागे खरंच होते! उगाच आपलं मन आपल्याला खात होतं. त्यानं बालाजीरावांकडे बघितलं. ते त्याच्याकडेच बघत होते, पण चमत्कारिक नजरेनं, ओळखीच्या माणसाचा चेहरा नव्यानं दिसावा तसे. यशला त्याचा अर्थ लागला नाही.

बाकीच्या ब्लॉकमध्ये घट नव्हती. कनकानं वही मिटली. "आता चांगली बातमी. वेडी बाभूळ उपटायचं यंत्र या वर्षी आपल्याला मिळालंय. गवत मेलं की काळवीट जातात, हे तुम्हांला मी सांगायला नको. पण यंत्र दोनच ब्लॉकना पुरेल. वरून हुकूम आहे, जिथे आकडा घटला तिथे आधी. तेव्हा ब्लॉक एक आणि दोन."

"तीनांत बाभूळ सर्वांत ज्यास्त आहे," बालाजीराव म्हणाले. त्यांचा आवाज एकदम बारीक झाला होता. "अर्धें रान व्यापलें तिणें."

"मला दिसत नाही का, सर? दर वर्षी मी तीन नंबर लिहून पाठवते. पण वरचे विचारतात, आकडा कुठे घटलाय? मागच्या वर्षी सत्तेचाळीस, या वर्षी सत्तेचाळीस. काळवीट सुखात आहेत, मग बाभळीनं काय बिघडलं?"

बालाजीराव टोपी काढून तिची कड बोटांनी चाचपत राहिले.

सुष्मिता यशच्या शेजारी येऊन हळूच म्हणाली, "सहा वर्षं झाली अप्पा याच्यासाठी अर्ज लिहितायत. घरी येऊन दोन दिवस जेवणार नाहीत आता."

यशनं टेबलावरच्या आपल्या कागदाकडे पाहिलं. हे माझ्यामुळे झालं? सहा न जन्मलेली पिल्लं, एक हललेला कान, आणि चार शेजारचे! त्यानं मनातल्या मनात हिशोब मांडला. सासऱ्यांचे अठ्ठेचाळीस, आपले खरे एकोणतीस. सरासरी एकोणचाळीसच्याही खाली येते. घट भरपूर. यंत्र तीनला मिळतं. फक्त तोंड उघडायचं. आणि तोंड उघडलं की हा मनुष्य, ज्यानं आत्ता आपल्याला बाटलीतलं पाणी दिलं, तो म्हणणार, लबाडाला मुलगी देत नाहीं. आणि सुष्मिता म्हणणार, सॉरी, मी तशीच आहे. गप्प राहिलं तर संध्याकाळी गोडाचं जेवण. यंत्र काय, पुढच्या वर्षी येईलच की.

त्यानं माळाकडे पाहिलं. तिथे आता नुसता वारा होता. सकाळची ती उसळलेली मादी आठवली आणि त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तो बोलूनच गेला.

"मॅडम, माझा आकडा चूक आहे. मी एकोणतीस मोजले होते."

कनका म्हणाली, "आणि वरचे सतरा?"

आता सांगणं भाग होतं. यशनं मोडक्या तमिळमध्ये, मध्ये इंग्रजी घालत, सगळं सांगितलं. पोटुशा माद्यांचं सांगितलं तेव्हा कुणीतरी फिस्सकन हसलं. कानाचं सांगितलं तेव्हा पाच-सहा जण हसले. रात्री झोपायला आपल्याकडेच आले असणार, इथवर पोचला तेव्हा कडुनिंबाखाली हशाचा स्फोट झाला, अगदी कनकाही पदर नसल्यामुळे तोंडाला वही लावून हसायला लागली. यशचे कान लालभडक झाले. हसत नव्हती ती फक्त सुष्मिता. ती त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"काका, माफ करा," यश मराठीत म्हणाला. "तुमचा ब्लॉक घटू नये म्हणून लिहिलं. तुम्हांला मी आवडावा म्हणून. तुमचे अठ्ठेचाळीस बरोबर आहेत. खोटं फक्त मी लिहिलंय."

बालाजीराव उठले. "हसूं नका," ते सगळ्यांना म्हणाले, आणि हसणं थांबलं. मग कनकाला तमिळमध्ये आणि मग, जणू मुलीला आणि यशलाही तेवढंच कळायला हवं म्हणून, मराठीत म्हणाले, "माझेहि चूक आहेत. मी अठ्ठावीस मोजले."

"अप्पा?"

"गेल्या वर्षीं तेहतीस होते. त्याच्या आधल्या वर्षीं छत्तीस. खरे सत्तेचाळीस सहा वर्षांमागें होते, सुष्मी. तेव्हांपासून मीच धरून बसलों. जोडीदार दर साली नवखा, मज विचारूनच लिहायचा. दर साली कागदावर लिहावयास गेलों कीं हात थांबायचा. कमी लिहिले तर खरेंच कमी होतील, असें वाटायचें मज. वेडेपणा आहे. चाळीस वर्षें गणित शिकविलें मीं, आणि एवढें लिहवलें नाहीं."

मग कनका बोलली, आणि बाई काय बोलली! सर म्हणायचं सोडून दिलं तिनं. सहा वर्षं! सहा वर्षं मी कागद घेऊन दारोदार फिरते, आणि तुम्ही इकडे माझ्या काळविटांना खोट्या आकड्यांत लपवता? तुमच्या मायेनं मेले असते ते! मग यशकडे वळली. आणि तू? कारखान्यात गाड्या पोटुशा असतात का रे? दोघं मान खाली घालून ऐकत होते, वर्गाबाहेर उभं केलेल्या पोरांसारखे.

"दोघं अगदी सारखे आहात," सुष्मिता रडत-चिडत म्हणाली. "मला वाटत होतं तुमचं जमणार कसं! आणि यश, ऐक. मला खूश करायला यापुढे एकही आकडा वाढवायचा नाहीस. एकही."

"नाही वाढवणार," यश म्हणाला. यापुढे असं काही असेल का, हे विचारायची त्याची छाती नव्हती.

कनकानं दोघांचे कागद परत केले. जुने आकडे खोडून, खरे लिहून, शेजारी सह्या करायला लावल्या. एकोणतीस. अठ्ठावीस. बालाजीरावांना लिहायला वेळ लागला. पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. यश बाजूला उभा होता. शेवटी त्यांनी लिहिलं आणि एकदम खुर्चीत बसले. सहा वर्षांचे एकोणीस काळवीट त्या घडीला गेले त्यांच्या हातून, दुसरं काय!

"यंत्र तीनला येईल," कनका जरा नरमली. "एक नंबरला पुढच्या खेपेला. पण यंत्रानं मोठी झाडं निघतात. बारकी रोपं हातानंच उपटावी लागतात, आणि काटे कसे असतात ते माहीत आहे तुम्हांला. येत्या शनिवारपासून माणसं हवीत मला. शिक्षाच समजा. कोण कोण येतंय? नावं सांगा."

यशनं हात वर करायला घेतला आणि मध्येच थांबला. शनिवारपर्यंत आपण या लोकांचे कुणी असू की नाही, तेच त्याला ठाऊक नव्हतं.

बालाजीरावांनी टोपी डोक्यावर घातली.

"दोघे येतों. लिही," ते म्हणाले. "मी. आणि माझे जावई."

कनकाचं पेन थांबलं. तिनं सुष्मिताकडे पाहिलं. सुष्मितानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं.

आणि यश? तो रडला हो. तीस माणसांसमोर, गुडघ्यापर्यंतचे मोजे घालून, ढसाढसा रडला. बालाजीरावांनी खिशातून घडीचा रुमाल काढला आणि त्याच्या हातात दिला.

"पूस," ते म्हणाले. "घरीं सासू वाट पाहाते."